रस्ता दारातून जातोय, आमचं म्हणणं कोण मांडणार?

ह्या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये रस्त्यांबद्दलच बरंच काही होतं. कोणाच्या शेतात मोजणीचे दगड पडलेत, कोणाच्या गावाचे दोन तुकडे झालेत, आणि सगळ्यांची तक्रार एकच, की आपण निवडून दिलेली माणसं आपल्या वतीने बोलत नाहीत. म्हणून हा अंक त्याच पत्रांना दिलाय. गावांची नावं मुद्दाम छापत नाही.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं गाव मुंबई-गोवा महामार्गावर, रत्नागिरी जिल्ह्यात. चौपदरीकरण झालं आणि गाव मधोमध कापलं गेलं. शाळा, दवाखाना, रेशन दुकान एका बाजूला आणि आमच्या तीन वाड्या दुसऱ्या बाजूला. अंडरपास दिलाय तो दीड किलोमीटरवर, तिथपर्यंत वळसा कोण घालणार, पोरं डिव्हायडर चढून पलीकडे जातात. शिवाय जुन्या रस्त्याखाली पाणी जायला एक मोरी होती ती नवीन भरावात बुजली, आता वरच्या पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी अडतं आणि खालच्या वाडीत घरात शिरतं. आमदारांना तीनदा भेटलो, ते म्हणतात काम केंद्राचं आहे. खासदारांच्या ऑफिसात निवेदन दिलं, त्याची पोचसुद्धा नाही. सरपंच म्हणतात ठराव दिलाय, आता माझ्या हातात काय. ह्या लोकांना आमची बाजू मांडायला लावायची कशी?

उत्तर : दादा, पोरं डिव्हायडर चढतात हे तुम्ही एका ओळीत लिहिलंय पण मला ते डोळ्यासमोर दिसतं, कारण आमच्याकडे मी ते बघितलंय. मोठी बहीण आधी दप्तर पलीकडे टाकते, मग धाकट्याला काखेत धरून वर चढवते, आणि दोघं मधल्या मातीत उभी राहून दुसऱ्या बाजूच्या गाड्या थांबायची वाट बघतात, पाऊस असला की छत्री मिटून हातात, कारण ट्रक गेला की छत्रीच उलटते. हे दृश्य तुमच्या आमदारांनी बघितलंय का? निवेदनं देण्याआधी मी हाच प्रश्न विचारीन.

पण आधी ते 'काम केंद्राचं आहे' हे उत्तर घेऊ. ते अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असलं की माणूस गप्प बसतो. महामार्ग राष्ट्रीय आहे, पूर्वी त्याचा नंबर १७ होता आता ६६ आहे, पैसा आणि मंजुरी दिल्लीच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाची. पण पनवेल ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि इंदापूरच्या खालचं चौपदरीकरण आपल्याच राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे अशी वाटणी आहे. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या कामावर बसलेला इंजिनियर राज्य सरकारचा नोकर आहे, आणि राज्याच्या खात्याबद्दल विधानसभेत प्रश्न विचारायचा हक्क आमदाराला पुरेपूर आहे. उलट वाढीव कामाला, म्हणजे नवीन अंडरपास किंवा पादचारी पुलाला, मंजुरी लागेल ती दिल्लीची, तिथे खासदार हवा. म्हणून तुम्हाला दोघं लागणार आहेत, पण दोघांना वेगवेगळं सांगावं लागणार आहे, आणि आत्तापर्यंत तुम्ही बहुतेक दोघांना एकच कागद दिलाय.

कागदाबद्दल माझा अनुभव सांगते. आमच्या गावातून राज्यमार्ग रुंद झाला तेव्हा आम्ही निवेदन लिहिलं, त्यात चौदा मागण्या. वळण सुधारा, गटार बांधा, झाडांचे पैसे द्या, बसस्टॉपला शेड करा, दिवे लावा, सगळं एकाच कागदावर. पुढाऱ्यांनी कोपऱ्यात 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असं लिहून सही केली आणि आम्ही काम झालं समजून घरी आलो. पुढे त्या चौदातलं जे सगळ्यात सोपं आणि स्वस्त होतं तेवढंच झालं, शेड. ज्या वळणावर आमची माणसं गेली ते वळण कितीतरी वर्षं तसंच राहिलं. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण त्या दिवशी आम्ही फक्त वळणाचा कागद नेला असता तर निदान त्या वळणाबद्दल कोणाला तरी उत्तर द्यावं लागलं असतं.

तर तुमच्या दोन मागण्या, त्यांचे दोन वेगळे कागद करा. पहिला मोरीचा, कारण पाऊस थांबणार नाही आणि ते काम छोटं आहे, सुरू असलेल्या ठेक्यात बसवणं सोपं जातं. दुसरा रस्ता ओलांडायच्या सोयीचा. प्रत्येक कागदावर जागा नेमकी लिहा. 'आमच्या गावाजवळ' असं लिहिलं की इंजिनियरला ते कळल्यासारखं दाखवता येतं आणि न कळल्यासारखंही दाखवता येतं. त्यांच्या नकाशात चेनेज असतो, अमुक किलोमीटर अधिक इतके मीटर, तो रस्त्याकडेच्या दगडावरून काढा किंवा साईटवरच्या सुपरवायझरला विचारा, तो सांगतो. जुन्या मोरीचा फोटो कोणाच्या तरी मोबाईलमध्ये असेलच, लग्नाच्या नाहीतर गणपतीच्या मिरवणुकीतला का असेना, तो शोधा. गाव नकाशाची नक्कल घ्या, त्यात पऱ्या दाखवलेला असतो. ज्या घरात पाणी शिरलं त्या घरांची यादी करा आणि तलाठ्याने पंचनामा केला असेल तर त्याची प्रत जोडा.

ओलांडायच्या जागेसाठी दोन दिवस पहाटेपासून अंधार पडेपर्यंत वही घेऊन बसा आणि रेघा मारा, किती पोरं, किती म्हातारी माणसं, किती गुरं. गुरं नक्की मोजा, कारण नुसता पादचारी पूल मंजूर झाला तर त्यावर गुरं चढत नाहीत, गुडघे दुखणारी आजीही चढत नाही, मग तो पूल नुसता उभा राहतो आणि माणसं खालूनच जातात. म्हणून मागताना काय मागायचं ते गावात बसून आधी ठरवा, रस्त्याखालून जायचा छोटा बॉक्स चालेल का, सर्व्हिस रोड जोडून आहे तो अंडरपास गाठता येईल का, वाड्यांमधल्या बायकांना विचारून ठरवा कारण रोज त्या जातात.

मग पुढाऱ्यांना बोलवा, पण ऑफिसात भेटू नका, जागेवर बोलवा. सकाळी शाळेच्या वेळेला. आमदार स्वतः आले नाहीत तर त्यांचे पीए येतील, तेही चालेल, पण त्यांना डिव्हायडरपाशी उभं करा आणि अर्धा तास कोणी काही बोलू नका. हार नको, चहा नंतर. महामार्ग विभागाच्या उपअभियंत्यालाही त्याच वेळी बोलवा आणि आमदारांच्या समोर त्याला विचारा की हे तांत्रिकदृष्ट्या होतं का आणि प्रस्ताव कोणी पाठवायचा. त्याने जे सांगितलं ते तिथेच कागदावर लिहून काढा, संयुक्त पाहणी म्हणून, आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. हा सह्यांचा कागद नंतर दहा निवेदनांपेक्षा जास्त उपयोगी पडतो कारण त्यात 'बघतो' ह्या शब्दाच्या जागी कोण काय करणार ते लिहिलेलं असतं.

आता वेळ. विधिमंडळाची अधिवेशनं साधारण तीन, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी डिसेंबरात नागपूरला. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो, अधिवेशनाच्या बरेच आठवडे आधी द्यावा लागतो, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर आमदारांकडे धावलात तर प्रश्नाची वेळ गेलेली असते, मग लक्षवेधी किंवा औचित्याचा मुद्दा, हे आयत्या वेळी विषय मांडायचे मार्ग, एवढंच उरतं. प्रश्न त्यांनी लिहावा अशी वाट बघू नका, तुम्हीच तीन-चार ओळींचा लिहून द्या: अमुक चेनेजला पूर्वी असलेली मोरी नवीन कामात का ठेवली नाही, तिथे पाणी शिरलेल्या घरांची पाहणी कोणी केली, आणि मोरी कधीपर्यंत करणार. मंत्र्याने सभागृहात करू म्हटलं की ते आश्वासन होतं, आणि अशा आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते, हे आमदारांना आठवण करून द्या. लोकसभेत तारांकित प्रश्नाला पंधरा दिवस आधी नोटीस लागते, शिवाय शून्य प्रहर आहे, नियम ३७७ खाली विषय मांडता येतो. जिल्ह्यात खासदारांच्या अध्यक्षतेखाली केंद्राच्या योजनांचा आढावा घेणाऱ्या 'दिशा' समितीची बैठक होते, तिथे महामार्गाचा विषय येतो आणि अधिकारी समोर बसलेले असतात, तिथे तुमचा कागद गेलाच पाहिजे.

आणि हे काही अशक्य नाही हो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री ह्याच महामार्गावर महाडचा सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या गेल्या, माणसं गेली. त्यानंतर नवीन पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ ला सुरू झाला. त्याच रस्त्यावर २०११ पासून चौपदरीकरण रखडत चाललं होतं, पण सगळ्यांचं लक्ष एका जागेवर आलं तेव्हा पावसाळ्याच्या आत पूल झाला. तुमच्या मोरीसाठी तसं काही व्हायची वाट कोणी बघू नये म्हणून मी एवढं लिहितेय.

पोच मात्र घ्याच. ज्या ऑफिसात पोच देत नाहीत तिथे स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाईलला लावा.

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातला शेतकरी. शक्तिपीठ महामार्गात आमची बागायत जाते, ऊस आहे, सव्वा एकर. निवडणुकीच्या आधी एक नेते आमच्या मोर्चात स्टेजवर होते, काही झालं तरी रस्ता होऊ देणार नाही म्हणाले. आता त्यांना फोन केला तर म्हणतात मोबदला चांगला मिळवून देतो. हा शब्द फिरवणं नाही का? आम्ही काय करायचं?

उत्तर : दादा, तुमचा राग रास्त आहे. सव्वा एकर ओलिताखालच्या रानाची किंमत ज्याचं पोट त्यावर आहे त्यालाच माहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, आधीच्या आखणीप्रमाणे सुमारे ८०२ किलोमीटरचा आणि बारा जिल्ह्यांतून जाणारा हा द्रुतगती मार्ग, २०२३ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात जाहीर झाला. कोल्हापुरात विरोध इतका झाला की विधानसभा निवडणुकीच्या आधी, ऑक्टोबर २०२४ ला, जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना सरकारने रद्द केली. आणि पुढे जून २०२५ ला मंत्रिमंडळाने आखणी आणि भूसंपादनासाठी २०,७८७ कोटींची तरतूद मंजूर केली. म्हणजे एकदा तुमच्या आवाजाने कागद मागे गेला होता, हे लक्षात ठेवा, आणि तो परत आला तेव्हा काय कमी पडलं हेही बघा. माझ्या मते कमी पडलं ते हे, की स्टेजवरचा शब्द कोणीच कागदावर घेतला नाही.

म्हणून आता नेत्यांना 'तुम्ही विरोधात आहात का' असं विचारू नका, त्याला कोणीही हो म्हणतं. त्यांना तीन ओळींचं पत्र द्या आणि लेटरहेडवर उत्तर मागा. कोल्हापूर जिल्ह्यातली आखणी रद्द करावी ह्या मागणीला तुमचा पाठिंबा आहे का. असेल तर येत्या अधिवेशनात ती सभागृहात मांडणार का. रत्नागिरी-नागपूर महामार्ग आधीच ह्या भागातून जात असताना हा दुसरा रस्ता का, हे तुम्ही सरकारला विचारणार का. जो लेखी देईल त्याचं पत्र गावच्या बोर्डावर लावा. जो देणार नाही त्याच्या नावापुढे 'उत्तर आलं नाही' एवढंच लिहा, शिव्या घालू नका, नाहीतर त्यांना विषय बदलायला निमित्त मिळतं.

पुराचा मुद्दा वर आणा. २०१९ आणि २०२१ चा पूर तुमच्या जिल्ह्याने भोगलाय, पंचगंगेच्या पट्ट्यात भराव टाकून रस्ता उचलला तर पाणी कुठे तुंबेल हा प्रश्न ज्यांची जमीन जात नाही त्यांचाही आहे. ज्या गल्लीत छातीएवढं पाणी होतं तिथला दुकानदार तुमच्या बाजूला आला की पुढाऱ्याचं गणित बदलतं, कारण जमीन जाणाऱ्यांची मतं मोजकी असतात पण पूर बघितलेल्यांची मतं सगळ्या तालुक्यात असतात.

आणि एक काम पुढाऱ्यावर सोडू नका. नोटीस आली तर सामुदायिक निवेदनावर थांबू नका, प्रत्येक खातेदाराने आपापला गट नंबर, क्षेत्र, विहीर, पाईपलाईन, झाडं लिहून मुदतीत स्वतंत्र लेखी हरकत द्यावी, आणि सुनावणीला स्वतः जावं. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात ही मुदत अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांची आहे, शक्तिपीठ राज्याच्या कायद्याखाली आहे त्यामुळे तुमच्या नोटिशीत जी तारीख असेल ती पहिल्यांदा बघा. बहिणींची नावं सातबाऱ्यावर असतील तर त्यांच्याही सह्या लागतात, त्या सासरी असतात, आधी कळवून ठेवा.

मोबदला मिळवून देतो म्हणणाऱ्या नेत्यांना एवढंच सांगा, की मोबदल्याचं नंतर बोलू, आधी तुम्ही जे म्हणाला होतात ते सभागृहात म्हणा.

प्रश्न : ग्रामसभेने रस्त्याच्या विरोधात ठराव केला तर सरकारला तो मानावाच लागतो का? आमचे ग्रामसेवक म्हणतात त्याला कायद्यात काही किंमत नाही.

उत्तर : दोन्ही टोकं बरोबर नाहीत. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या गावांत, जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी विचारविनिमय करावा लागतो. इतर गावांत ठरावाने महामार्ग थांबत नाही, कारण महामार्गाच्या कायद्यांखाली जमीन घेताना २०१३ च्या भूसंपादन कायद्यातल्या संमतीच्या आणि सामाजिक परिणाम तपासणीच्या अटी लागत नाहीत. पण किंमत नाही असं कसं म्हणता येईल? कोर्टात, पर्यावरणाच्या जनसुनावणीत, विधानसभेत, सगळीकडे पहिला प्रश्न येतो की गावाचं म्हणणं काय होतं आणि ते कधी सांगितलं, आणि त्याचा पुरावा म्हणजे हाच ठराव.

फक्त तो नीट व्हायला हवा. कोरम पूर्ण हवा, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, ह्यातलं जे कमी असेल ते. हजेरीच्या वहीत सह्या त्याच दिवशी. ठरावात सूचक आणि अनुमोदक यांची नावं, गट नंबर, आणि मागणी काय ते स्पष्ट. नंतर प्रोसिडिंगची सही-शिक्क्याची नक्कल लगेच मागून घ्या, महिन्याने मागितली तर वही तालुक्याला गेलीय असं ऐकायला मिळतं. आणि महिला ग्रामसभा वेगळी होते तिथेही हा विषय घ्या.

जनसुनावणीबद्दलही सांगते कारण बरीच गावं तिथे चुकतात. ज्या रस्त्याला पर्यावरण मंजुरी लागते त्याची सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, किमान ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी. अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा, आणि शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायला हवं. तुमच्या पंचायत समिती सदस्याला, जिल्हा परिषद सदस्याला तिथे उभं राहून बोलायला सांगा, त्यांचं म्हणणं इतिवृत्तात नावासकट येतं. वाचून दाखवतील तोपर्यंत उठू नका.

प्रश्न : आम्ही पुण्यातले. आमच्या भागातल्या टेकडीवरून रस्ता नेणार आहेत असं ऐकतो. नगरसेवकांना विचारलं तर एक म्हणतो दुसऱ्याला विचारा. कोणाला धरायचं?

उत्तर : पुण्यात मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती ते पौड फाटा रस्त्यासाठी २०२३ ला लोक टेकडी वाचवायला रस्त्यावर उतरले तेव्हा सभागृहात त्यांच्या वतीने बोलायला एकही निवडून आलेला माणूस नव्हता. ते दिवस मी विसरलेले नाही, म्हणून आता नगरसेवक आहेत तर त्यांना वापरा असं मनापासून सांगते.

बहुतेक प्रभागात चार नगरसेवक आहेत, त्यामुळे टोलवाटोलवी होणारच. उपाय सोपा आहे, चौघांना वेगवेगळं भेटू नका, एकाच सोसायटीत एकाच संध्याकाळी बोलवा आणि एकाच कागदावर चौघांच्या सह्या मागा की हा विषय मुख्य सभेत आम्ही मांडू. पक्ष वेगळे असले तर उलट बरं. त्याआधी स्वतः एवढं शोधून काढा की तो रस्ता विकास आराखड्यात आहे का, की आराखड्यात फेरबदल करून आणायचाय. फेरबदल असेल तर हरकती-सूचनांची नोटीस निघते आणि एक महिना मिळतो, तेव्हा हजारो एकसारखे छापील कागद देण्यापेक्षा माणसांनी आपापल्या शब्दांत लिहिलेल्या हरकती द्या. माहिती अधिकारात अर्ज करताना एकच विषय घ्या आणि दीडशे शब्दांत बसवा, आपल्या राज्याचा तसा नियम आहे, जास्त लिहिलंत की तेवढ्याच कारणाने परत येतो.

प्रश्न : ताई, मी नोकरीला मुंबईत, नाव गावच्या मतदार यादीत. पहिल्या पत्रातल्यासारखंच आमचं गाव हायवेला लागून आहे. इथे बसून आम्ही काही करू शकतो का?

उत्तर : खूप काही. तुमच्या गावाचं मुंबई मंडळ असेल, वर्गणी आणि क्रिकेटच्या पलीकडे त्याला हे काम द्या. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईतच असतं, गावचा माणूस एसटीने रात्रभर येणार आणि पास मिळेपर्यंत दुपार होणार, तुम्ही मात्र लालबागहून अर्ध्या तासात मंत्रालयात पोचता. आमदारांची भेट, खात्यात फाईल कुठल्या टेबलावर आहे ते बघणं, प्रश्नाचं उत्तर छापून आलं की त्याची प्रत गावी पाठवणं, हे तुमच्यातल्या दोघांनी वाटून घ्या. गावात वही घेऊन बसायला आणि पाणी शिरलं की फोटो काढायला तिकडची माणसं आहेतच.

गणपतीला सगळे गावी असता आणि पुढारीही घरोघर दर्शनाला येतात. त्या दिवशी आरतीनंतर त्यांना वाडीतल्या पोरांबरोबर हायवेपर्यंत चालत न्या. आणि निघायच्या आधी संयुक्त पाहणीची तारीख घेऊन ठेवा, नवरात्राच्या आतली.